शाळेचा बुद्धिबळ क्लब : चौथ्या पटापासून सुरुवात

आमच्या क्लबच्या पहिल्याच सांघिक स्पर्धेत पहिल्या पटावरच्या मुलीने पाचपैकी पाच डाव जिंकले आणि आमचा संघ शेवटून तिसरा आला. परतीच्या वाटेवर ती पोरगी खिडकीबाहेर बघत बसली होती. बाकीचे तिघे तिच्याशी बोलायलाही कचरत होते. मी गणित शिकवते, तरी हे साधं गणित मला त्या दिवशी कळलं. चार पटांच्या सामन्यात दोन्ही संघांचे चार-चार खेळाडू ताकदीच्या क्रमाने समोरासमोर बसतात, डाव जिंकला तर एक गुण, बरोबरीला अर्धा, आणि सामना जिंकायला अडीच गुण लागतात. तुमची सगळ्यात हुशार खेळाडू फार तर एक गुण देते. उरलेला दीड गुण दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पटावरून यावा लागतो, आणि तिथे बसलेल्या मुलांना मी वर्षभर जवळपास काहीच शिकवलं नव्हतं.

तेव्हा शाळेत नवा क्लब काढणाऱ्या शिक्षकांना, पालकांना, माजी विद्यार्थ्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की चषक आणायचा असेल तर आधी चौथ्या पटावर कोण बसणार ते बघा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशेबाने लिहिल्या आहेत. तुम्ही स्वतः फार चांगले खेळाडू नसलात तरी अडत नाही. मीही नाही. आमच्या सातवीतल्या दोघी मला सरळ हरवतात.

सामान आणि जागा

वीस मुलांसाठी दहा पट लागतात, अकरावा संच सुट्या सोंगट्यांसाठी ठेवायचा. गुंडाळता येणारे रेक्झिनचे पट घ्या. लाकडी पट दिसायला छान असतात, पण दप्तरांच्या ढिगाखाली त्यांचे कोपरे उडतात. पटाच्या कडेला अक्षरं आणि आकडे छापलेले असलेच पाहिजेत, त्यावर तडजोड नाही. का, ते पुढे कळेल. प्रत्येक संचात दोन जादा वजीर असले तर उत्तम, नाहीतर प्यादं शेवटच्या घरात पोचलं की मुलं हत्ती उलटा ठेवून त्याला वजीर म्हणतात. स्पर्धेत उलटा हत्ती हा हत्तीच धरला जातो. भिंतीवर टांगायचा एक मोठा चुंबकी पट हवा. घड्याळं सुरुवातीला दोन-तीन पुरतात.

तासाच्या शेवटी प्रत्येक जोडीने आपल्या सोंगट्या मोजून ३२ भरल्या की हात वर करायचा आणि मगच पिशवी बांधायची. हा नियम पहिल्या दिवसापासून लावा. मी तिसऱ्या महिन्यात लावला, तोपर्यंत पाच घोडे आणि एक राजा गायब झाले होते.

वार आणि वेळ ठरलेली असावी. आठवड्यातून दोनदा एकेक तास जमला तर बरं, पण एकदाच जमणार असेल तर तो एक तास काही झालं तरी बुडू देऊ नका. क्लब मोडतात ते मुलांचा रस संपल्यामुळे कमी, आणि "या आठवड्यात नको, पुढच्या आठवड्यात बघू" यामुळे जास्त.

पहिले दोन महिने काय शिकवायचं

पट मांडताना प्रत्येकाच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर आलं पाहिजे आणि वजीर आपल्या रंगाच्या घरात उभा राहिला पाहिजे. हे दोन वाक्यांत होतं. सोंगट्यांच्या चाली बहुतेकांना घरून येत असतात, मात्र घरोघरचे नियमही सोबत येतात. कोणाकडे पहिल्या चालीला दोन प्यादी एकदम सरकतात, कोणाकडे मारलेली सोंगटीच प्याद्याच्या बदल्यात परत मिळते. यावर वाद घालत बसू नका. "घरी घरचे नियम, इथे स्पर्धेचे" एवढं म्हणून पुढे चला.

पहिल्या तासाला आम्ही फक्त प्यादी ठेवतो. दोन्हीकडे आठ-आठ, बाकी पट रिकामा, आणि ज्याचं प्यादं आधी पलीकडे पोचेल तो जिंकला. अगदी नवखं मूलसुद्धा पाच मिनिटांत खेळायला लागतं, आणि अँ पासाँ (दोन घरं पुढे येऊन शेजारी उभं राहिलेलं प्यादं, एकच घर आल्यासारखं मारायचं) हा एरवी कोणाच्याच डोक्यात न शिरणारा नियम इथे आपोआप कळतो, कारण त्याची गरजच पडते.

मग भिंतीवरच्या पटावर मी एक कोडं मांडते. पांढरी प्यादी ए५, बी५, सी५ या घरांत (अक्षर उभ्या ओळीचं, आकडा आडव्या ओळीचा). काळी ए७, बी७, सी७ मध्ये. राजे दूर कुठेतरी. चाल पांढऱ्याची. वर्ग शांत होतो. सगळ्यांना वाटतं कोंडी झाली, कोणीच पुढे जाऊ शकत नाही. उत्तर आहे मधलं प्यादं बी६ ला फुकट देणं. काळ्याने ए-प्याद्याने मारलं तर पांढऱ्याचं सी-प्यादं सी६ ला जातं. ते बी-प्याद्याने मारलं की ए-प्याद्याला वाट मोकळी. काळ्याने आधी सी-प्याद्याने मारलं तर उलट, आधी ए६ आणि मग सी६. दोन प्यादी देऊन तिसरं पलीकडे. हे पहिल्यांदा बघणाऱ्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. देऊनही जिंकता येतं, ही गोष्ट तिथे त्याला पहिल्यांदा कळते.

पुढच्या आठवड्यात चार चालींची मात. नवख्यांच्या स्पर्धेत पहिल्या फेरीत ती कोणीतरी लावणारच. पांढरा ई४ खेळतो, काळा ई५. पांढऱ्याचा वजीर एच५ वर येतो, काळा घोडा सी६ वर काढतो. पांढऱ्याचा उंट सी४ वर. आता एफ७ च्या घरावर वजीर आणि उंट दोघांचा डोळा आहे. इथे घाईने दुसरा घोडा एफ६ वर काढून वजिराला हुसकावायला गेलेलं मूल पुढच्याच चालीत मात खातं. योग्य उत्तर आहे जी६. वजीर एफ३ वर जाऊन पुन्हा तीच धमकी देतो, आणि तेव्हा घोडा एफ६. आता काळ्याचे दोन्ही घोडे बाहेर, पांढऱ्याचा वजीर मात्र दोनदा नुसता फिरलेला. हा डाव दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा खेळून घ्या. मुलांना ती मात लावायला बंदी करू नका, पण कोणी अडवली की पुढे काय, हा प्रश्न त्यांच्यावर सोडा. महिन्याभरात ती खोड आपोआप सुटते.

तिसरी गोष्ट म्हणजे जिंकलेला डाव संपवणं. आमच्याकडे चौथ्या पटाचे गुण सगळ्यात जास्त इथेच गेले. काळा राजा एच८ मध्ये एकटा, पांढरा वजीर जी६ वर. काळ्याला शह नाही आणि हलायला एकही घर नाही. स्टेलमेट, अर्धा गुण. वर एक वजीर असून. दोन हत्तींनी मात, एका वजिराने मात, एका हत्तीने मात, हे तीन प्रकार प्रत्येकाला झोपेतून उठवून विचारले तरी आले पाहिजेत. क्लबमध्ये आम्ही घड्याळ लावून हे करून घेतो, दोन मिनिटांत वजिराची मात. सुरुवातीला गोंधळ होतो, मग ती एक शर्यतच होऊन बसते.

ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक चालींची, नावं या दोन महिन्यांत मी शिकवत नाही. मधली घरं धरा, घोडे-उंट बाहेर काढा, लवकर कॅसलिंग करा (राजा हत्तीकडे दोन घरं, हत्ती राजाच्या पलीकडे), एकच सोंगटी पुन्हा पुन्हा हलवू नका. एवढ्यावर शालेय स्पर्धेतली खूप मोठी मजल मारता येते. पालकांना हे पटत नाही. अमुक बचाव, तमुक गॅम्बिट पाठ करून आलेली मुलं पहिल्या आठ चाली झरझर खेळतात आणि नवव्या चालीला घोडा फुकट देतात.

डाव लिहिणं

या लेखातला एकच भाग वाचायचा झाला तर हा वाचा.

दुसऱ्या महिन्यापासून क्लबमधला प्रत्येक मोठा डाव लिहिला गेला पाहिजे. उभ्या ओळींना ए ते एच, आडव्यांना १ ते ८, म्हणून तर पटावर अक्षरं हवीत. मुलं कुरकुरतात. हात दुखतो म्हणतात, विसरलो म्हणतात, पेन नाही म्हणतात. पेनांचा एक डबा कायम टेबलावर ठेवा आणि ऐकून घेऊ नका.

आमच्या दुसऱ्या वर्षी एक मुलगा होता, सहावीतला, खेळायचा भराभर आणि हरायचाही भराभर. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "बाई, नशीबच नाही." त्याच्या वहीत सलग तीन डाव मी बघितले. एक सतराव्या चालीला लिहायचा थांबला होता, दुसरा एकोणिसाव्या, तिसरा पुन्हा सतराव्या. त्यापुढे कोरा कागद. तिन्ही डाव आम्ही पटावर मांडले. तिन्हीत तो थांबला होता तिथपर्यंत बरोबरीत होता किंवा वरचढ, आणि पुढच्या चार-पाच चालींत सगळं ढासळलं होतं. लिहिणं सुटलं तिथेच विचार करणंही सुटलं होतं. कोऱ्या कागदाने जे दाखवलं ते मी शंभर वेळा सांगून त्याला पटलं नसतं. त्यानंतर त्याला एकच काम दिलं. डाव हरला तरी चालेल, पण शेवटच्या चालीपर्यंत लिही. पुढच्या वर्षी तो आमचा तिसरा पट होता.

लिहिलेल्या डावाचं करायचं काय? हरलेल्या मुलाला डाव संपल्यावर तीन प्रश्न विचारा. तुला पहिल्यांदा भीती कधी वाटली? त्या चालीच्या आधी तुझ्या मनात दुसरी कोणती चाल होती? समोरच्याच्या कोणत्या चालीने तू चकित झालास? उत्तरं वहीतच, चालीच्या शेजारी, त्याच्याच अक्षरात. त्यानंतर वाटल्यास संगणकाला विचारा. लिचेससारख्या मोफत संकेतस्थळावर डाव भरला की इंजिन क्षणात चुका दाखवतं, पण आधी इंजिन आणि मग विचार असा क्रम झाला की मूल फक्त मान डोलावतं.

वहीच्या मागच्या पानावर प्रत्येकाने हरण्याची कारणं दोन-तीन शब्दांत लिहायची : फुकट गेली, वेळ संपला, मात दिसली नाही, शेवट आला नाही. सहा आठवड्यांनी ती पानं एकत्र बघितली तर पुढे काय शिकवायचं हे तुम्हाला वेगळं ठरवावं लागत नाही. आमच्याकडे "फुकट गेली" ची रांग इतकी लांब होती, की पुढचा सबंध महिना आम्ही एकच सवय लावली. चाल खेळण्याआधी समोरच्याने आत्ता जी चाल केली ती का केली, हे मनात विचारायचं. दुसरं काही शिकवलंच नाही.

संघ कसा निवडायचा

शिक्षकाने मनाने निवडलेला संघ भांडणं लावतो. आम्ही शिडी लावतो. भिंतीवर सगळ्यांची नावं वरून खाली. कोणीही आपल्यापेक्षा एक किंवा दोन पायऱ्या वरच्याला आव्हान देऊ शकतो, जिंकला तर जागा बदलतात. आव्हान आठवड्याभरात स्वीकारलं नाही तर जागा जाते. हा शेवटचा नियम घाला, नाहीतर वरची मुलं आजारी पडायला लागतात. डाव लिहिलेला नसेल तर निकाल धरायचा नाही.

शिडीवर पहिल्या चार-पाच जणांत फार बदल होत नाही. सहाव्यापासून बाराव्यापर्यंत मात्र दर आठवड्याला उलथापालथ होते, आणि तुमचा चौथा पट आणि राखीव खेळाडू तिथूनच येतात. म्हणून माझा निम्मा वेळ त्या मधल्या घोळक्यात जातो. वरच्यांना सोडून देते असं नाही. त्यांना मी कामाला लावते, प्रत्येकाकडे खालचा एकेक चेला. शिकवताना त्यांचंही पक्कं होतं.

पहिल्या पटावरच्या त्या मुलीने पुढच्या वर्षी चौथ्या पटासाठी येणाऱ्या एका पाचवीतल्या पोराला राजा आणि प्याद्याचा शेवट शिकवला. पांढरा राजा ई५ वर, प्यादं ई६ वर, काळा राजा ई७ वर आणि चाल काळ्याची. मागे हटावंच लागतं. तिरकं गेलात, डी८ ला किंवा एफ८ ला, तर हरलात. सरळ मागे ई८ ला गेलात तर बरोबरी : पांढरा राजा डी६ ला येतो, काळा डी८ ला जाऊन समोर उभा राहतो, प्यादं ई७ ला शह देतं, काळा ई८ ला येतो, आणि आता पांढऱ्याने प्यादं राखायला राजा ई६ ला आणला की स्टेलमेट. "सरळ मागे, मग समोरासमोर," असं ती त्याला घोकवून घेत होती. पाढे म्हणतात तसं.

हे लहान मुलांचं म्हणून हसू नका. २०२४ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत डिंग लिरेन आणि गुकेश १४व्या डावात बरोबरीकडे निघाले होते. ५५व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर नेऊन हत्तींची अदलाबदल देऊ केली. हत्ती गेल्यावर उंटांचीही अदलाबदल टाळता येईना आणि उरलेला राजा-प्याद्यांचा शेवट गुकेशच्या हातात होता. तो १८व्या वर्षी जगज्जेता झाला. जगातला सगळ्यात मोठा सामना शेवटी आमच्या पाचवीच्या धड्यावर येऊन थांबला.

घड्याळ आणि नियम

स्पर्धेच्या किमान महिनाभर आधीपासून सराव घड्याळावर, आणि स्पर्धेत असेल त्याच वेळेत. रॅपिड म्हणजे दर खेळाडूला दहा मिनिटांपेक्षा जास्त आणि साठपेक्षा कमी, दहा किंवा त्याहून कमी असेल तर ब्लिट्झ, आणि त्याहून लांब डाव ते क्लासिकल. शालेय स्पर्धा बहुधा रॅपिड असतात. माहितीपत्रक नीट वाचा. प्रत्येक चालीला जादा सेकंद मिळणार आहेत की नाही यावर शेवटच्या पाच मिनिटांचं सगळं खेळणं बदलतं.

नियमांचं पुस्तक मुलांना देऊन उपयोग नाही. प्रत्येक नियमाचा एक छोटा प्रसंग करून दाखवा. हात लावला ती सोंगटी चालवायची, हा पहिला. सोंगटी नुसती नीट ठेवायची असेल तर आपल्या चालीच्या वेळी आधी "नीट करतो" म्हणायचं आणि मग हात लावायचा. नंतर म्हटलेलं चालत नाही. २०१६ च्या मॉस्कोतल्या कॅन्डिडेट्स स्पर्धेत (जगज्जेत्याचा आव्हानवीर तिथे ठरतो) नाकामुराने अॅरोनियनविरुद्ध राजाला हात लावला, मग नीट करतोय असं म्हणाला, अॅरोनियनने हरकत घेतली. राजा हलवावा लागला आणि डाव गेला. ग्रँडमास्टरचं हे होतं, तर आपलं काय.

कॅसलिंग करताना आधी राजा उचलायचा, आणि एकाच हाताने. आधी हत्तीला हात लागला तर त्या बाजूचं कॅसलिंग गेलं. घड्याळ ज्या हाताने चाल केली त्याच हाताने दाबायचं. चाल आधी खेळायची आणि मग लिहायची. बरोबरी विचारायची तर चाल करून, विचारून, मग घड्याळ दाबायचं, आणि एकदा नाही म्हटल्यावर सारखं विचारत राहायचं नाही.

नियमबाह्य चालीबद्दल मुलांना सगळ्यात जास्त चुकीच्या कल्पना असतात. "राजा शहात ठेवला म्हणजे मी जिंकलो" असं म्हणून राजाच उचलून घेणारी मुलं दर स्पर्धेत दिसतात. तसं नाही. क्लासिकल आणि रॅपिडमध्ये पहिल्या नियमबाह्य चालीला समोरच्याला दोन मिनिटं जास्त मिळतात, ब्लिट्झमध्ये एक मिनिट. दुसऱ्यांदा केली की डाव जातो. रॅपिडमध्ये पंच प्रत्येक पटावर उभा नसतो, तेव्हा तक्रार आपली चाल खेळण्याआधी करायची. खेळून मोकळे झालात की हक्क गेला.

आणि हे सगळं मुलाने स्वतः करायचं असतं. घड्याळ थांबवायचं, हात वर करायचा, पंच आले की काय झालं ते सांगायचं. तुम्ही दोरीच्या पलीकडून बोट दाखवलंत तरी ती मदत ठरते. लाजाळू मुलांना याचाच सराव द्या. आमच्याकडे मी पंच होते आणि मुलं मुद्दाम नियम मोडून दाखवतात. या खेळाला इतका प्रतिसाद मिळतो, की खरा सराव बाजूला राहतो. असो.

मोबाइल खेळण्याच्या खोलीत न्यायचाच नाही. २००३ मध्ये युरोपियन सांघिक स्पर्धेत पोनोमारिओव्हचा फोन वाजला आणि डाव तिथेच गेला, आणि तो त्या वेळचा फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचा, जगज्जेता होता.

पहिली स्पर्धा

एकदम मोठ्या स्पर्धेत जाऊ नका. आधी शेजारच्या शाळेशी चार पटांचा मैत्रीचा सामना, मग छोटी खुली स्पर्धा, मग सांघिक.

बहुतेक स्पर्धा स्विस लीग पद्धतीच्या असतात. १८९५ मध्ये झुरिकमध्ये ही पद्धत पहिल्यांदा वापरली गेली, म्हणून स्विस. यात कोणी बाद होत नाही. प्रत्येक फेरीत शक्यतो सारख्या गुणांचे एकमेकांसमोर येतात आणि एकदा भेटलेले पुन्हा भेटत नाहीत. एकच निखळ विजेता निघायला ३२ संघांना पाच फेऱ्या लागतात, ६४ ना सहा. संख्या विषम झाली की एकाला बाय मिळतो, म्हणजे त्या फेरीत त्याला प्रतिस्पर्धीच नसतो. मुलांना एवढं आधीच समजावून ठेवा, की पहिली फेरी हरल्यावर दुसरीत सोपा प्रतिस्पर्धी येतो आणि पहिली जिंकल्यावर अवघड. नाहीतर पहिल्या पराभवानंतर "आता घरीच जाऊ" सुरू होतं. पहिल्या फेरीत यादीच्या वरच्या अर्ध्यातल्याला खालच्या अर्ध्यातला मिळतो, म्हणून नव्या संघाला सुरुवातीलाच तगडा संघ येतो. त्यात कोणाचा काही डाव नाही.

सांघिक स्पर्धेत सामना जिंकण्याचे गुण वेगळे आणि पटांचे गुण वेगळे मोजतात. क्रमवारी आधी कशावर लागणार ते विचारून घ्या. सामन्याच्या गुणांवर असेल तर ४–० आणि २½–१½ यांची किंमत एकच. मग शेवटच्या चालू पटावरच्या मुलाला माहीत असायला हवं की त्याला जिंकायचं आहे की बरोबरी पुरे. कर्णधाराने "बरोबरी घेतलीस तर चालेल" एवढं सांगणं बहुधा चालतं, पटावरच्या स्थितीबद्दल एक शब्द नाही. पटांचा क्रम एकदा दिला की सहसा बदलता येत नाही, आणि तगड्या खेळाडूला मुद्दाम खाली बसवायचा मोह टाळा. बऱ्याच ठिकाणी त्याला मनाई असते, आणि नसली तरी ते शोभत नाही.

गुण सारखे झाले की टायब्रेक, म्हणजे क्रम लावायचा दुसरा हिशेब. बुखोल्झ म्हणजे तुमच्या प्रतिस्पर्ध्यांनी मिळवलेल्या गुणांची बेरीज. म्हणजे ज्याने तुम्हाला हरवलं त्याच्यासाठीसुद्धा पुढच्या फेऱ्यांत टाळ्या वाजवायच्या. मुलांना हे फार आवडतं.

पिशवीत प्रत्येकी दोन पेनं, पाण्याची बाटली, स्वेटर, आणि फेऱ्यांच्या मधल्या वेळासाठी गोष्टीचं पुस्तक किंवा चेंडू. मधल्या वेळात बुद्धिबळ नको. हरलेला डाव लगेच उकलत बसायचा नाही. स्कोअरशीट, म्हणजे डाव लिहिलेला कागद, माझ्याकडे द्यायची, संध्याकाळपर्यंत ती बंद. डाव संपला की निकाल दोघांनी मिळून नोंदवायचा आणि पुढच्या फेरीची यादी लागली की आपले गुण बरोबर आहेत का बघायचं. आमच्या एका मुलाचा जिंकलेला डाव एकदा हरलेला म्हणून लागला होता, कारण त्याने घाईत स्वतःच चुकीच्या रकान्यात खूण केली होती. दोन फेऱ्या उलटल्यावर ते लक्षात आलं.

पालकांना आदल्या दिवशी एकच विनंती करा. बाहेर आलेल्या मुलाला "जिंकलास का?" विचारू नका, "डाव लिहिलास का?" विचारा. निम्मे ऐकतात.

यशानंतर

चषक आला की प्रार्थनेच्या वेळी नाव पुकारलं जातं, फलकावर फोटो लागतो. लावा, मुलांना ते हवं असतं. फक्त चौघांचीही नावं सारख्याच अक्षरात लिहा, आणि राखीव खेळाडूचंही. रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा, फलकावर लावू नका. अठरा वर्षांखालच्या मुलांचं क्लासिकल डावांचं फिडे रेटिंग बहुधा ४० च्या गुणकाने, म्हणजे मोठ्या उड्या मारत, हलतं. एका वाईट आठवड्यात ते धाडकन खाली येतं आणि तो आकडा वर्गातली मुलं त्या पोराला ऐकवत राहतात.

आमचा पहिला चषक तिसऱ्या वर्षी आला. शेवटच्या फेरीत दोन पट जिंकले होते, एक हरला होता आणि चौथ्या पटावर तो पाचवीतला पोरगा, आता सहावीत, एक प्यादं कमी घेऊन बसला होता. सगळं मारामारीत संपलं आणि उरले दोन राजे आणि पांढऱ्याचं एक प्यादं. मी दोरीपलीकडे उभी होते. प्यादं ई६ वर आलं, समोरचा राजा ई५ वर, याचा ई७ वर. त्याने पेन खाली ठेवलं, दोन्ही हात मांडीखाली घातले आणि बराच वेळ बसून राहिला. मग एक हात बाहेर काढून राजा सरळ मागे नेला. चार चालींनी समोरच्याने हात पुढे केला. २½–१½.

पुढच्या क्लबच्या तासाला भिंतीवरच्या पटावर तोच डाव लावला होता, पण शेवट नाही. बाविसाव्या चालीपासून, जिथे त्याचं प्यादं फुकट गेलं होतं.